सब ठीक

आमच्या सोसायटीत रात्रीच्या वॉचमनसाठी एक रजिस्टर आहे. दर तासाला एक फेरी मारायची आणि वेळेसमोर शेरा लिहायचा असा नियम. रजिस्टर उघडलंत तर अक्षर मोठं सुबक आहे. रात्री 11, सब ठीक. रात्री 12, सब ठीक. 1, सब ठीक. सकाळी 6 पर्यंत सगळं एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेलं. (ते 11 वाजताच लिहून होतं हे सगळ्यांना माहीत आहे. सेक्रेटरीसाहेबांनाही.)

मागच्या महिन्यात बी विंगमधून एक सायकल चोरीला गेली. चांगली, गिअरवाली, ईएमआय चालू असलेली. मग रितसर मीटिंग झाली, रजिस्टर आणलं गेलं, आणि एका काकांनी चष्मा लावून गंभीरपणे वाचलं, "रात्री 3, सब ठीक. म्हणजे सायकल तीननंतर गेली!" मला हसू आवरेना. शेवटी वॉचमनमामांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मागच्या भिंतीकडचा लाईट दोन महिने झाले बंद हाय. मी सांगितलं होतं. पन रजिस्टरमध्ये लाईटचा रकानाच नाय, मग लिहू कुठं?"

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. कारण मंडळी, गेली काही वर्षं माझा धंदाही हाच आहे. मी रजिस्टरं बनवतो. फक्त माझ्या रजिस्टरला डॅशबोर्ड म्हणतात आणि त्याचा पगार वॉचमनमामांच्या पगारापेक्षा बराच जास्त मिळतो.

जरा नीट सांगतो. एका मोठ्या कंपनीचं वाय-फाय नेटवर्क आहे. ऑफिसं, गोदामं, काही कारखाने, सगळं मिळून 3,000 च्या आसपास ॲक्सेस पॉइंट. (छताला चिकटवलेली ती पांढरी थाळी असते ना, तीच. यापुढे एपी म्हणतो.) या सगळ्यांवर नजर ठेवणारी सिस्टीम सांभाळणाऱ्या टीममध्ये मी आहे. पार्टीत कुणी विचारलं की काय करतोस, तर मी "नेटवर्कमध्ये आहे" म्हणतो, आणि मग तो माणूस लगेच त्याच्या घरचं वाय-फाय बेडरूममध्ये का येत नाही ते विचारतो. असो.

लोकांना वाटतं वाय-फायवर नजर ठेवायची म्हणजे एपी चालू की बंद ते बघायचं. तारेच्या नेटवर्कात हे थोडंफार चालून जायचं. केबल एकतर जोडलेली असते नाहीतर नसते. स्विचचा पोर्ट चालू आहे म्हटल्यावर पलीकडच्या माणसाचं बहुतेक चालू असतं. वाय-फायचं तसं नाही. एपी ठणठणीत, रेडिओ चालू, पण खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातातलं यंत्र नुसतं चक्र फिरवत बसलंय, हे रोज घडू शकतं. हवा सगळ्यांची सामायिक. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन: 1, 6 आणि 11. 5 गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त, पण त्यातल्या बऱ्याच चॅनलवर रडारचा पहिला हक्क. रडारचा संकेत ऐकू आला की एपीनं चॅनल सोडायचा आणि पुढची 30 मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे कुठल्या एपीला जोडायचं हे एपी ठरवत नाही, हातातलं यंत्र ठरवतं. म्हणजे लग्नाचा निर्णय नवऱ्या मुलाचा आणि आपण नजर ठेवून आहोत मांडववाल्यावर. :)

तरीही आम्ही वर्षानुवर्षं मांडववाल्यावरच नजर ठेवली. का? कारण ते सोपं होतं. हत्यारंही तशीच होती.

या हत्यारांचा इतिहास मोठा गोड आहे. एसएनएमपी हा प्रोटोकॉल 1988 चा. म्हणजे ज्या साली आपल्यापैकी कित्येकजण रांगत होते (किंवा जन्मलेही नव्हते) त्या सालचा. 1994 मध्ये टोबियास ओटिकर नावाच्या माणसाला आपल्या कॅम्पसच्या एकुलत्या एका 64 केबीपीएसच्या लाइनवर नजर ठेवायची होती, म्हणून त्यानं एमआरटीजी लिहायला घेतलं. दर पाच मिनिटांनी जाऊन आकडा विचारायचा आणि आलेख काढायचा. एका लाइनसाठी झकास. मग जग त्याच पाच मिनिटांवर चालत राहिलं. 1999 मध्ये आलेला, पुढे नागिओस म्हणून ओळखला गेलेला प्रकारही स्वभावानं तसाच: जा, दार वाजव, जिवंत आहे का विचार, हिरवा दिवा लाव.

आता हेच 3,000 एपींना लावून बघा. एका एपीला विचारून उत्तर यायला समजा 200 मिलिसेकंद लागतात. एकामागून एक विचारत गेलं तर 600 सेकंद, म्हणजे 10 मिनिटं. आणि फेरी तर दर 5 मिनिटांनी मारायची आहे! पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू. बरं, हे सगळं ठीक चाललेलं असताना. समजा 100 एपी बंद पडलेत. प्रत्येकासाठी 5 सेकंद वाट बघायची, असं तीनदा विचारायचं, म्हणजे एकामागे 15 सेकंद. 100 एपींचे झाले 1,500 सेकंद, 25 मिनिटं. थोडक्यात काय, तर नेमकी आग लागलेली असताना बंब सगळ्यात हळू चालणार.

आणखी एक गंमत. जुने मोजणी-काउंटर 32 बिटांचे असायचे. 4,29,49,67,296 बाइट झाले की परत शून्यावर. 1 गिगाबिटच्या भरलेल्या लाइनवर हे साधारण 34 सेकंदांत होतं. पाच मिनिटांनी जाऊन आकडा वाचला तर मधे काटा किती वेळा गोल फिरला हे देवालाच ठाऊक. पण आलेख मात्र सुंदर यायचा. 64 बिटांचे काउंटर वाचायला लागायचं हे आमच्याकडे एका जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये कुणी बदललंच नव्हतं, आणि त्या आलेखावर कपॅसिटी प्लॅनिंगच्या मीटिंगा झालेल्या आहेत. समोसे खात.

तर आम्ही हे सगळं सुधारलं. खरंच सुधारलं, आणि त्याचा मला अभिमान होता. एकाऐवजी अनेक पोलर केले, सगळ्यांनी मिनिटाच्या ठोक्याला एकदम धडकू नये म्हणून वेळा विखुरल्या. (आधी सगळे बरोबर 00 सेकंदाला सुटायचे आणि कंट्रोलरचा सीपीयू दर मिनिटाला उचकी लागल्यासारखा उसळायचा. नेटवर्कवर लोड कशाचा, तर त्यावर नजर ठेवणाऱ्यांचा!) प्रत्येक मोठ्या साइटवर छोटा कलेक्टर ठेवला, म्हणजे मुख्य लाइन तुटली तरी तो आकडे साठवून ठेवेल. नव्या एपींना विचारायला जायच्याऐवजी त्यांनीच आकडे पाठवायचे अशी सोय केली. 2012 मध्ये साउंडक्लाउडमध्ये जन्मलेलं प्रोमिथियस आणलं, वर ग्राफानाचे रंगीबेरंगी पडदे लावले.

अलर्टही ताळ्यावर आणले. त्याआधी एका रात्री एक स्विच पडला होता. त्यावर 48 एपी, प्रत्येकाचे दोन रेडिओ. मिळून 144 मेल आले, आणि स्विच पडल्याचा मेल होता 145 वा. ऑन-कॉल मीच होतो. आता बाप पडला तर पोरांबद्दल ओरडायचं नाही एवढी अक्कल सिस्टीमला आली.

हिशेब सांगायचा तर 3,000 एपी, दोन-दोन रेडिओ, प्रत्येकी 20 आकडे. 1,20,000 वेगवेगळ्या मालिका. दर मिनिटाला एक, म्हणजे दिवसाला 17 कोटी 28 लाख नोंदी. ऑफिसात शिरल्या शिरल्या भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर महाराष्ट्राचा नकाशा आणि हिरवे ठिपके. पाहुणे आले की त्यांना आधी तिकडे नेत. मी स्वतः त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता.

आणि मग भिवंडी झालं.

2022 च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. मुंबई-नाशिक हायवेकडे गेलात तर गोदामांची रांगच्या रांग दिसते, त्यातलंच एक. तिथून तक्रार यायची की एचएचटी चालत नाही. एचएचटी म्हणजे हातातला स्कॅनर. पिकर मुलं-मुली तो घेऊन रॅकच्या गल्ल्यांमधून फिरतात, बारकोड मारतात, माल काढतात, पुढची ओळ स्क्रीनवर येते. तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही डॅशबोर्ड बघितला. हिरवा. तिकीट बंद, शेरा: नो इश्यू फाउंड. आठवड्यानं परत आली. परत बघितलं. हिरवा. बंद. दुसरं तिकीट बंद करणाऱ्याचं नाव सांगायची गरज नाही, तो सध्या हा लेख लिहितोय.

तिसऱ्यांदा तक्रार वरून आली, कारण आता ट्रक उशिरा सुटत होते. पिकरच्या तक्रारीला पंधरा दिवस लागले, ट्रकच्या तक्रारीला एक दिवस. मला गाडी काढून जावं लागलं.

तिथे सुपरवायझरनं मला चहा पाजला आणि म्हणाला, "सर, नेटवर्क तर तुमचं ओके आहे, मला माहितीये. तुमच्याच टीमचा मेल आहे. ही पोरंच टाइमपास करतात. दोन आठवडे झाले इन्सेंटिव्ह कापतोय, तरी सुधारत नाहीत." आणि त्यानं फोनवर मेल दाखवला. माझाच.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. चहा मात्र तसाच राहिला.

आत गेलो. विशीतली एक मुलगी होती, तिला म्हटलं मी तुझ्याबरोबर फिरतो, तू नेहमीसारखं काम कर. ती आधी घाबरलीच. तिला वाटलं टार्गेट बघायला कुणीतरी आलंय. मी वाय-फायवाला आहे म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "सर, गल्लीच्या तोंडाला चालतं. मधे गेलं की गोल फिरत राहतं. मग मी परत तोंडाला येते, तिथे आलं की चालू होतं, कधी कधी परत लॉगिन मागतं. मग परत आत. सगळ्यांना माहिताय सर. 14 नंबर, 15 नंबर, 16 नंबर गल्ली. तिथली ओळ आली की आम्ही एकमेकांना ढकलतो."

तिला माहीत होतं. गल्लीच्या नंबरासकट. दिवसाला 17 कोटी नोंदींमधून मला जे कळलं नव्हतं ते चारशे रुपयांचे बूट घालून त्या गल्लीतून रोज चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त रकाना नव्हता.

कारण काय निघालं ते आता सांगतो, कारण तेही शिकण्यासारखं आहे. वाय-फायचा सर्व्हे झाला होता एप्रिलमध्ये, तेव्हा त्या भागातले रॅक अर्धे रिकामे. दिवाळीला ते छतापर्यंत भरले, आणि भरले कशानं? तेलाचे डबे, ज्यूस, शाम्पू. पाणी आणि पाण्यासारखे पदार्थ हे सिग्नल शोषतात आणि धातूचे रॅक ते परतवतात. एपी बारा मीटरवर छताला. वर मोकळी हवा, तिथे एपींना एकमेकांचं छान ऐकू येतं, म्हणून त्यांच्या मते सगळं आलबेल. खाली गल्लीत, माणसाच्या छातीच्या उंचीवर, काळोख.

त्यात ते स्कॅनर जुन्या एपीला चिकटून बसायचे. सिग्नल मरेपर्यंत सोडायचे नाहीत, आणि सोडल्यावर नव्या एपीशी जोडताना ओळख पटवायला विनंती थेट लांबच्या डेटा सेंटरपर्यंत जायची. (हे झटपट व्हावं म्हणून 802.11 आर हे मानक 2008 पासून आहे. चालू केलेलं नव्हतं.) मधे सात-आठ सेकंद खंड, तेवढ्यात ॲपचं सेशन तुटणार. आम्ही मिनिटातून एकदा बघायचो. मिनिटाच्या सुरुवातीला स्कॅनर जोडलेला, शेवटालाही जोडलेला. मधले आठ सेकंद फोटोत नाहीत. रजिस्टरमधल्या 2 आणि 3 च्या मधे सायकल गेली तशीच.

आणि सरासरी! पूर्ण गोदामाचा जोडणीचा आकडा उत्तम होता, कारण बाकीच्या गल्ल्या उत्तम होत्या. तीन गल्ल्यांचं दुःख पन्नास गल्ल्यांच्या सुखात विरघळून गेलं. साइट हिरवी. पुढे सगळ्या साइट्सची सरासरी काढली तर राज्य हिरवं.

सगळ्यात लाज वाटायची गोष्ट पुढे आहे. कोणता स्कॅनर कधी तुटला, कधी जोडला गेला याची नोंद कंट्रोलर स्वतः करत होता. ते लॉग आम्ही गोळाच करत नव्हतो, कारण "फार होतात". म्हणजे रेडिओचं तापमान दर मिनिटाला हवं, पण माणूस कधी तुटला ते नको.

इथे मला माझं मत मांडायचंय, ज्यासाठी हा सगळा प्रपंच.

मॉनिटरिंग मोठं करायचं म्हटलं की आपल्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की आणखी किती एपी, आणखी किती आकडे, किती डिस्क, किती पोलर. हे प्रश्न खरे आहेत, मी त्यात वर्षं घातली आहेत आणि त्यांची उत्तरं मिळतात. पण सिस्टीम मोठी होते तेव्हा तिचा शब्दही मोठा होतो, हे कुणी सांगत नाही. दहा एपी असताना हिरव्या दिव्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, लोक उठून बघायला जातात. 3,000 एपी आणि भिंतीवर टीव्ही असला की हिरवा दिवा ही साक्ष होते. तिच्यावर तिकिटं बंद होतात, पगार कापले जातात. आणि जिच्याविरुद्ध साक्ष दिली जाते तिला उलटतपासणीचा हक्क नसतो. तिला तर डॅशबोर्डचा पासवर्डसुद्धा नसतो.

म्हणून दिवा लावणाऱ्यानं आधी ठरवावं की हा हिरवा नेमकी कशाची ग्वाही देतोय. "एपीला वीज मिळते आहे" एवढीच ग्वाही असेल तर तेवढंच लिहा. "नेटवर्क ओके" लिहू नका.

भिवंडीनंतर आम्ही काय बदललं ते थोडक्यात. अँटेना बदलून गल्लीच्या दिशेनं रोखलेल्या लावल्या, रोमिंग दुरुस्त केलं, हे झालं वाय-फायचं. मॉनिटरिंगमध्ये जे केलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक, जोडणीचे टप्पे वेगवेगळे मोजायला लागलो. एपीशी जोडलं का, ओळख पटली का, आयपी पत्ता मिळाला का, नावावरून पत्ता सापडला का, ॲपनं उत्तर दिलं का, आणि प्रत्येकाला किती वेळ लागला. साधं उदाहरण: 24 च्या सबनेटमध्ये 254 पत्ते मावतात. विंडोज सर्व्हरवर डीएचसीपीची मुदत मूळ सेटिंगप्रमाणे 8 दिवस असते. पाहुण्यांच्या नेटवर्कला हे तसंच सोडलं तर चार दिवसांपूर्वी येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोन अजून खुर्ची अडवून बसलेला असतो आणि आज आलेल्याला जागा नाही. एपी? हिरवा.

दोन, काही जुने स्कॅनर गल्ल्यांमध्ये चार्जरला लावून ठेवले. ते दर मिनिटाला खोटीखोटी ओळ मारतात. एका जागी बसलेला स्कॅनर रोमिंगचं दुखणं पकडू शकत नाही, म्हणून जोडीला ॲपच्या सर्व्हरवरून खऱ्या स्कॅनला किती वेळ लागला ते घेतलं. सरासरी नाही, सगळ्यात वाईट पाच टक्के.

तीन, करडा रंग आणला. आकडा आला नाही तर पूर्वी शेवटचा आकडाच दिसत राहायचा, म्हणजे मेलेला एपीही काही काळ हिरवाच. आता तिथे करडा येतो: माहीत नाही. यावर मीटिंगमध्ये केवढा वाद झाला म्हणून सांगू! "क्लायंटला करडं दाखवायचं? वाईट दिसतं." अहो, पण खरं दिसतं ना. आणि मॉनिटरिंग स्वतः जिवंत आहे का हे बघणारा एक छोटा वेगळा पहारेकरी बाहेर ठेवला. रोज त्याला "मी आहे" असा निरोप जातो. निरोप थांबला की तो ओरडतो.

चार, तिकिटावर "नो इश्यू फाउंड" लिहायचं बंद. त्याऐवजी "आम्ही हे-हे बघितलं, त्यात दिसलं नाही". चार शब्द जास्त टाइप होतात, पण सुपरवायझरला हे वाक्य फोनवर दाखवून कुणाचे पैसे कापता येत नाहीत.

आता एक वळण. हे सगळं झाल्यावर एक दिवस एका साहेबांचा मेल आला. तुमच्याकडे आता प्रत्येक स्कॅनर कुठल्या एपीजवळ कधी होता ते कळतं ना, मग कोण किती वेळ एका जागी थांबलं त्याचा रिपोर्ट द्या. कोण कॅन्टीनमध्ये किती वेळ, कोण बाथरूमकडे किती वेळ. विचारलं तसं सोपं होतं, दोन ओळींची क्वेरी.

मी हो म्हणालो असतो तर त्या मुलीनं मला दाखवलेली वाट तिच्यावरच पहारा बसवायला वापरली गेली असती. आम्ही नाही म्हणालो, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायला तांत्रिक कारण हाताशी होतं म्हणून धीर झाला. प्रत्येक यंत्राची वेगळी मालिका ठेवायची म्हटलं की डेटाबेस फुगतो. गर्दीच्या वेळी 25,000 यंत्रं, प्रत्येकी 10 आकडे, म्हणजे आणखी अडीच लाख मालिका. शिवाय अँड्रॉइड 10 पासून, म्हणजे 2019 पासून, आणि आयफोनच्या आयओएस 14 पासून, म्हणजे 2020 पासून, फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट मॅक पत्ता सांगतात आणि काही वेळा तो बदलतातही. एकच फोन दोन-तीन नावांनी नांदतो, जुन्या मालिका भुतासारख्या मागे राहतात. याच्यापायी प्रोमिथियसची मेमरी खलास झालेली आम्ही एकदा अनुभवली होती.

म्हणून आम्ही मालिका यंत्राच्या नावानं न ठेवता गल्लीच्या नावानं ठेवल्या. 14 नंबर गल्लीत या मिनिटाला किती जोडण्या तुटल्या, एवढंच. कोणाच्या, ते नाही. ज्या लॉगमध्ये यंत्राचं नाव येतं ते तपासणीपुरते थोडे दिवस ठेवून पुसायचे. मालिका दोनशे पटीनं कमी झाल्या असतील-नसतील, पण डेटाबेस पळायला लागला हे नक्की. आणि दुखणं गल्लीचंच होतं, मुलीचं नव्हतंच. 2023 मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यामुळे आता असली क्वेरी लिहिण्याआधी लोक निदान वकिलाला विचारतील अशी आशा. पण वकिलाच्या आधी इंजिनिअरनं स्वतःला विचारलं तर बरं. जागेवर नजर ठेवा, माणसावर नको. इथे स्वस्त मार्ग आणि बरोबर मार्ग एकच आहे, असं आपल्या धंद्यात फार क्वचित होतं, तेव्हा तो सोडू नये.

कुणी म्हणेल की बाबा रे, सगळं ठीक, पण तुझं गाऱ्हाणं मॅनेजमेंटचं आहे, मॉनिटरिंगचं नाही. इन्सेंटिव्ह सुपरवायझरनं कापला, तुझ्या आलेखानं नाही. मीही महिनाभर स्वतःला हेच सांगत होतो. पण त्यानं कापला माझ्या मेलवर. माझ्या मेलमध्ये "बघितलं त्यात दिसलं नाही" असतं तर त्याला निदान एकदा गल्लीत जाऊन बघावं लागलं असतं. साक्षीदारानं "मी झोपलो होतो" म्हणायच्या ऐवजी "काही घडलं नाही" म्हटलं, तर पुढचा दोष सगळा न्यायाधीशाचा कसा?

दुरुस्ती पूर्ण व्हायला तीन आठवडे लागले, तोवर दिवाळी होऊन गेली होती. कापलेले पैसे परत द्यावेत असा एक मेल मी पाठवला, पुरावे जोडून. "नोटेड" असं उत्तर आलं. पैसे मिळाले का ते मला कळलं नाही, आणि मी परत विचारलं नाही. हे लिहायला लाज वाटतेय, पण लिहितोय. त्या मुलीचं नाव विचारायचंही राहून गेलं होतं.

असो. मंडळी, तुमच्यापैकी बरेचजण कुठला ना कुठला डॅशबोर्ड बनवत असाल. वाय-फायचा नसेल, डिलिव्हरीचा असेल, कॉल सेंटरचा असेल, सेल्सचा असेल. सोमवारी ऑफिसला गेलात की एक करून बघा. एक हिरवा चौकोन निवडा, तो ज्या जागेबद्दल बोलतो तिथे किंवा तिथल्या माणसाला फोन करून विचारा, "सब ठीक?" आणि तो काय सांगतो त्याला आपल्याकडे रकाना आहे का ते बघा.

आमच्या सोसायटीनं काय केलं म्हणता? मीटिंगमध्ये ठरलं की वॉचमनला ॲप द्यायचं. आठ ठिकाणी क्यूआर कोड चिकटवलेत, दर तासाला स्कॅन करायचे. परवा रात्री उशिरा आलो तर मामांच्या केबिनमध्ये आठही कोडांचे फोटो प्रिंट करून ओळीनं लावलेले. मी काही बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत.

मागचा लाईट मात्र अजून बंदच आहे. उद्या रविवार, मीच शिडी घेऊन बल्ब बदलणार आहे.